न पोचलेली चौदा बोलावणी

१

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी खालच्या ओळीतले लोक आपापल्या बागा उघडायला आले, तेव्हा त्यांच्या वाफ्यांत लाल फिती बांधलेल्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. एक खुंटी तर नेमकी लिंडबाईंच्या रेवाचिनीच्या गड्ड्यातून आरपार गेली होती. बाई तिथंच गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी अशी एक शिवी दिली की फ्योर्डच्या खाडीच्या पाण्यापर्यंत ऐकू गेली.

मोलबाकच्या उतारावर बागा शेहेचाळीस. एकतीस वर, चढाला. पंधरा खाली, पाण्याच्या कडेला. प्रत्येकीत एक लाकडी झोपडी, चार वाफे, एखादं सफरचंदाचं झाड. हिवाळ्यात पाणी बंद, फाटक बंद, आणि रात्री राहायला तर बारा महिने सक्त मनाई. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी भरलेल्या बागसंघाच्या वार्षिक सभेत काय ठरलं, ते खालच्या लोकांना आज खुंट्यांकडून कळत होतं. खालची ओळ रस्त्यासाठी नगरपालिकेला द्यायची, बदल्यात वरच्या बागांना वीज, बारमाही पाणी आणि वर्षभर राहायची परवानगी. एकवीस विरुद्ध सहा मतांनी मंजूर.

सभा होती, हेच खालच्या पंधरांपैकी चौदा जणांना माहीत नव्हतं.

दुपारपर्यंत सगळे सभागृहासमोर जमले. अध्यक्ष एगोन हालकेर पायरीवर उभा राहिला. सत्तरीचा, रुंद खांद्यांचा, आवाज खालीवर न होणारा माणूस.

"बोलावणं सगळ्यांना गेलंय," तो म्हणाला. "तुम्ही तुमची मेल उघडत नाही, त्याला मी काय करू?"

"मेल आलीच नाही!"

"एकाला आली नसेल. चौदा जणांना नाही? काय, समुद्रपक्ष्यांनी खाल्ली?"

कुणीतरी मातीचं ढेकूळ फेकलं. ते एगोनच्या कानाजवळून जाऊन दारावर फुटलं. एगोननं शांतपणे कोट झटकला.

"शुक्रवारी करारावर सही आहे. तोवर सिद्ध करा की बोलावणं गेलं नाही. जमलं नाही, तर आपापल्या खुंट्यांना पाणी घालत बसा."

"विबेकेला शोधू दे," मागून एक आवाज आला. "तपासनीस ती आहे."

सगळ्या माना वळल्या. विबेके राउस्ट कुंपणाला टेकून उभी होती. संघाची कागदपत्रं तपासायला निवडलेली, चौसष्ट वर्षांची, अडतीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेली. न पोचलेली पत्रं तिला बुटात गेलेल्या खड्यासारखी टोचत. पण आज टोचत होतं ते वेगळंच. तिची बाग वरच्या ओळीत होती आणि त्या रविवारी तिनंही ठरावाच्या बाजूनं हात वर केला होता.

"शोधते," ती म्हणाली.

सभेनंतर मतदानाची कार्डं पाकिटात घालून तिच्याकडे दिली जात. प्रत्येक बागेला एक कार्ड, त्यावर बागेचा नंबर हातानं शिक्का मारून उठवलेला. तिनं तिथल्या तिथं पाकीट फोडून मोजली. आलेल्यांची सत्तावीस, न आलेल्यांची उरलेली पाच. एकवीस आणि सहा मिळून सत्तावीस. मतमोजणी बरोबर होती.

म्हणजे चोरी मतमोजणीत नव्हती. ती त्याच्या आधीच झाली होती.

२

इंगेलिसे डालगोरनं दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

"आली होय तू? जानेवारीत मला हाकललं, तेव्हा तूही टाळ्या वाजवल्यास."

"तुझे आभार मानायला वाजवल्या होत्या, इंगेलिसे."

"हो, फुलांचा गुच्छ आणि टाळ्या. मेलेल्यालाही तेच मिळतं."

एकोणीस वर्षं इंगेलिसे संघाची चिटणीस होती. सभासदांची नावं, बागांचे नंबर, पत्ते सगळं तिनं कॉम्प्युटरवरच्या एका तक्त्यात ठेवलं होतं. बोलावणं पाठवायचं असलं की त्या तक्त्यातून एकेक पत्ता उचलून मेलमध्ये टाकायची. दर वेळी शेहेचाळीस, दर वेळी हातानं. जानेवारीत आस्गर बॉनसेन नवा चिटणीस झाला. त्यानं सगळा तक्ताच एका झटक्यात मेलच्या प्रोग्रॅममध्ये नेला, की पुढं एका बटणावर सगळ्यांना पत्र जावं.

"दोन मिनिटांत हवं होतं त्याला," इंगेलिसे म्हणाली. शेवटी तिनं साखळी काढली होती, पण कॉफी विचारली नव्हती. "मी सांगितलं होतं, त्या परदेशी प्रोग्रॅमला आपली डॅनिश अक्षरं पचत नाहीत. ज्याच्या नावात तसलं अक्षर, त्याचा पत्ता गायब. जा, विचार त्याला."

विबेकेनं तिच्या तक्त्याची छापील प्रत टेबलावर पसरली. रकाने पाच होते: नाव, बागेचा नंबर, शेरा, मेलचा पत्ता, फोन. तिचं बोट शेऱ्यांवरून फिरू लागलं आणि तिला हसू आवरेना. 'गवत कापत नाही.' 'बायको बरी.' 'कुत्रा मूर्ख, मालक त्याहून.' एकोणीस वर्षांचं विष तिथं ओळीनं मांडून ठेवलं होतं. विबेकेच्या नावासमोर होतं: 'सगळ्यांशी गोड.'

"हे सगळं आस्गरकडे गेलं?"

"जाऊ दे. खोटं काय आहे त्यात?"

खालच्या ओळीला मात्र इंगेलिसेनं शिव्या दिल्या नव्हत्या. तिथं चौदा वेळा एकच कामाचा शेरा होता: 'पूर; पंपाची चावी'. पाणी चढलं की ज्यानं त्यानं पंप चालू करायचा, म्हणून प्रत्येकाकडे चावी. फक्त चाळीस नंबरसमोर, गुद्रुन थिस्टेडच्या नावापुढं, एकच शब्द होता: 'भांडकुदळ'.

विबेकेनं अक्षरांचा तर्क तिथंच तपासला. लिंडबाईंच्या नावात किंवा पत्त्यात एकही वेगळं अक्षर नव्हतं आणि त्यांना मेल आली नव्हती. वरच्या ओळीतल्या सहा जणांच्या नावांत असली अक्षरं होती. त्या सहाही जणांना मेल आली होती.

"अक्षरांचा दोष नाही," ती म्हणाली.

"मग माणसाचा आहे," इंगेलिसे म्हणाली. "आणि चौदापैकी एकही वरचा नाही, हे तुझ्यासारख्या गोड बाईलाही दिसत असेलच."

३

गुद्रुन थिस्टेडच्या फाटकावर कुणीतरी डांबर फासलं होतं. खालच्या ओळीतून बोलावणं मिळालेली ती एकटीच, आणि एवढं कारण लोकांना पुरेसं होतं.

"म्हणतात, एगोननं मला विकत घेतलं," गुद्रुन डांबर खरवडत म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "मला! त्याच्या सभेत मी अर्धा तास त्याच्या नावानं ओरडले. सहातलं एक मत माझं होतं."

"बाकीचे चौदा दिसले नाहीत, तेव्हा तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं. भित्रे आहेत असं वाटलं."

"दुसऱ्या दिवशी एकालाही विचारलं नाहीस?"

गुद्रुननं सुरी फाटकात खुपसली. "चार वर्षं मी त्यांच्यातल्या एकाशीही बोललेले नाही. पंप कुणी दुरुस्त करायचा यावरनं भांडण झालं, तेव्हा मी माझी चावी त्यांच्यादेखत फ्योर्डमध्ये फेकली. तेव्हापासून माझं पाणी माझ्या बादलीनं. आता तूही निघ."

विबेके चढून एगोनच्या बागेतल्या झोपडीत गेली. तो हेरिंग माशाचा तुकडा काळ्या पावावर ठेवून खात होता. त्यानं खाणं थांबवलं नाही.

"आलीस माझ्यावर आरोप करायला?"

"वीज आणि पाणी कुणाला हवं होतं, एगोन? तुला. दहा वर्षं नगरपालिकेचे उंबरे कुणी झिजवले?"

"मी. आणि तू हात वर केलास." त्यानं पाव खाली ठेवला. "हे बघ. मला खालच्यांना कापायचं असतं, तर सगळ्यात आधी मी कुठला नंबर कापला असता?"

विबेकेनं मनात खालचे नंबर चाळले.

"चाळीस," एगोन म्हणाला. "ती बाई म्हणजे एकटीच पंधरा माणसांचा गोंगाट. मी चौदा मेंढ्यांना बाहेर ठेवीन आणि त्या लांडगीला हातानं आत आणीन? एवढा गाढव समजतेस मला?"

राग येत असला तरी त्याचं बोलणं तिला खोडता येईना. जाणूनबुजून कापणाऱ्यानं गुद्रुनला सोडलं नसतं. म्हणजे या चौदांना निवडणारा माणूस असा विचार करणाराच नव्हता. कदाचित तो माणूसच नव्हता.

४

आस्गर बॉनसेन सभागृहात कॉम्प्युटरसमोर बसला होता. छत्तीस वर्षांचा, बारीक, हाताची कातडी थंडीनं फुटलेली. शेगडीवर पिवळ्या वाटाण्यांचं सूप उकळत होतं. सगळ्या वसाहतीत त्या आठवड्यात तिला खायला विचारणारा तो एकटाच निघाला.

"काल माझ्या सायकलची दोन्ही चाकं कुणीतरी फोडली," तो म्हणाला. "मी पाठवलं होतं सगळ्यांना, विबेके. शपथ."

"तू जसं केलंस तसं पुन्हा कर. माझ्यासमोर."

त्यानं केलं. इंगेलिसेचा तक्ता साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवला. तिथं रकान्यांच्या रेघा नसतात. एक रकाना संपून दुसरा सुरू झाला हे कळावं म्हणून मध्ये फक्त एक अर्धविराम पडतो.

"आणि ही अवतरणचिन्हं?" विबेकेनं विचारलं. काही ओळींत ती शेऱ्याच्या दोन्ही बाजूंना दिसत होती.

"कसली कोण जाणे. घाण दिसत होती, मी तेव्हा सगळी काढून टाकली." त्यानं तीही काढली.

विबेकेनं चष्मा पुसून एकोणचाळीस नंबरची ओळ वाचली. नाव, अर्धविराम, एकोणचाळीस, अर्धविराम, पूर, अर्धविराम...

ती खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसली. अडतीस वर्षं तिनं पत्रं खणांत टाकली होती. एक पत्र चुकीच्या खणात पडलं की पुढची सगळी एकेक खण सरकतात, हे तिला पाठ होतं.

"आस्गर, इंगेलिसेनं शेऱ्यात स्वतःचा अर्धविराम घातलाय. 'पूर; पंपाची चावी'. तुझ्या प्रोग्रॅमला वाटलं, पूर शब्दाशी शेऱ्याचा रकाना संपला. मग मेलच्या पत्त्याच्या खणात काय पडलं?"

आस्गरनं बघितलं. "पंपाची चावी," तो हळूच म्हणाला.

"तो काही पत्ता नव्हे, म्हणून प्रोग्रॅमनं तो खण रिकामा ठेवला. खरा पत्ता फोनच्या खणात जाऊन पडला. ती अवतरणचिन्हं होती तोवर शेरा एका जागी बांधलेला होता. तू ती काढलीस आणि तो फुटला."

"म्हणजे चौदाही..."

"चौदाही. आणि गुद्रुनकडे चावीच नाही, म्हणून तिच्या शेऱ्यात अर्धविराम नाही. 'भांडकुदळ' म्हटल्यामुळे वाचली बिचारी."

आस्गरनं चेहरा हातांत घेतला. त्याचे खांदे हलत होते. विबेकेनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला स्वतःलाच इतकं हलकं वाटलं की तिनं सूप दोनदा मागून घेतलं. चोर नव्हताच. एक टिंब आणि त्याखालचा एक स्वल्पविराम, एवढाच गुन्हेगार.

घरी येऊन तिनं अहवाल लिहायला घेतला. 'अपघात' हा शब्द लिहिला आणि ती थबकली. टपालात बिनपत्त्याचं पाकीट कधी गुपचूप नाहीसं होत नाही. ते कुणाच्या तरी हातात येतं. या चौदांच्या वेळी ते कुणाच्या हातात आलं होतं?

तिनं कार्डांचं पाकीट पुन्हा काढलं. उरलेली पाच कार्डं टेबलावर मांडली. सहा, अकरा, तेवीस, सत्तावीस, तीस. सगळी वरची. कार्डं मुळात बत्तीसच केलेली होती: एक ते एकतीस, आणि चाळीस.

सभा भरण्याआधीच कुणाला तरी ठाऊक होतं की ते चौदा जण येणार नाहीत.

५

"कार्डं कोण करतं?" तिनं सकाळी एगोनला फाटकातच गाठलं.

"चिटणीस. एकोणीस वर्षं इंगेलिसे करायची. यंदा तिनं शिक्का आणि शाई आस्गरच्या टेबलावर आपटली आणि निघून गेली."

"तू वाटलीस ना ती दारात? चौदा कमी आहेत हे दिसलं नाही?"

"जो आला त्याला दिलं. गठ्ठा मोजायला मी काय बँक आहे?"

"आणि खालची ओळ रिकामी दिसली तेव्हा?"

एगोननं पहिल्यांदाच नजर चुकवली. "आनंद झाला. आनंदाची चौकशी कोण करतं?"

प्रोग्रॅमच्या यादीत नावं शेहेचाळीसच होती, हे विबेकेनं स्वतः पाहिलं होतं. नुसती नावं बघून कार्डं केली असती तर शेहेचाळीस झाली असती. बत्तीस करायला कुणाचे पत्ते रिकामे आहेत ते आधी बघावं लागतं.

ती बारा नंबरच्या बागेशी पोचली तेव्हा सकाळचे सात वाजले होते. झोपडीच्या धुराड्यातून धूर येत होता. दाराशी दूध होतं, दोरीवर मोजे वाळत होते. आस्गरनं दार उघडलं आणि तिच्या हातातली कार्डं बघितली.

"आत ये," तो म्हणाला. "थंडी आहे."

आत पलंग होता, पुस्तकांची खोकी होती, खिडकीला कोंबलेली घोंगडी होती.

"कधीपासून राहतोयस इथं?"

"ऑक्टोबर. घटस्फोट झाला, घर तिच्याकडे राहिलं. मला कुठंही नोंदवलेला पत्ता नाही, विबेके. डॉक्टरचं पत्र येत नाही, काही येत नाही. वर्षभर राहायची परवानगी मिळाली असती तर..."

"मेल पाठवताना काय झालं?"

तो पलंगावर बसला. "मी बटण दाबलं आणि एक चौकट आली. चौदा जणांचे पत्ते नाहीत, तरी पाठवू का? खाली हो आणि नाही. मला वाटलं, दुरुस्त करावं. खरंच वाटलं. मग कुठले चौदा ते बघितलं." त्यानं घसा खाकरला. "मी उठलो, कॉफी केली, ती सगळी प्यायलो. आणि हो दाबलं."

"आणि कार्डं? शेहेचाळीस शिक्के मारले असतेस, तर मला कधी कळलं नसतं."

"बत्तीसपर्यंत आलो," आस्गर म्हणाला. "लिंडबाईंचा नंबर लावला शिक्क्यात. हात खाली जाईना. ज्यांना बोलावलंच नाही त्यांची कार्डं करून ठेवायची, म्हणजे... ते नाही जमलं. गुद्रुनचं चाळीस तेवढं केलं आणि थांबलो. वाटलं, कोण मोजणार आहे."

बाहेर पाण्यावरून वारा आला आणि झोपडी कुरकुरली.

"तू अहवालात अपघात लिहिणार होतीस," तो म्हणाला. "तेही खोटं नाही. अर्धं आहे, पण खोटं नाही. आणि हात तर तूही वर केला होतास. तुलाही वीज हवी होती."

"हवी होती," विबेके म्हणाली. "अजूनही हवी आहे."

तिनं कार्डं कोटाच्या खिशात घातली आणि ती दाराकडे वळली.

६

शुक्रवारची सही झाली नाही. नवी सभा तीन आठवड्यांनी ठरली आणि तिचं बोलावणं विबेकेनं कागदावर लिहून शेहेचाळीस जणांच्या हातात स्वतः दिलं. गुद्रुननं तिच्या हातातून ओढून घेतलं. इंगेलिसेनं पाकिटावरचं हस्ताक्षर नावाजलं नाही.

सभागृह इतकं भरलं की लोक खिडक्यांत बसले. विबेकेनं आधी अर्धविराम समजावून सांगितला. कुणीतरी मोठ्यानं हसलं, इंगेलिसेचे कान लाल झाले. मग तिनं पाच कार्डं टेबलावर ठेवली.

"हा अपघात होता, पण सभेच्या आधी एका माणसाला तो दिसला होता," ती म्हणाली. "त्यानं तो झाकला. तो माणूस आस्गर बॉनसेन."

तो कुठं राहतो, हे तिनं सांगितलं नाही. आस्गर उठला आणि त्यानं ते स्वतःच सांगितलं, दोन वाक्यांत, कुणाकडे न बघता.

"चोर!" लिंडबाई ओरडल्या. "माझी तीस वर्षं आहेत त्या मातीत!"

"बाहेर काढा त्याला!"

"बोलावलेला सभासद आहे तो," विबेके म्हणाली. "बसेल."

एगोननं ठराव पुन्हा मांडला. "समसमान झाली तर अध्यक्षाचं मत निर्णायक," तो म्हणाला, आणि ते कुठं पडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाजूनं हात वर झाले. विबेकेनं दोनदा मोजले. बावीस. विरुद्ध हात वर झाले. खालचे पंधरा एका झटक्यात, मग वरचे एक एक करून. विबेकेनं स्वतःचं कार्ड वर धरलं आणि ते धरूनच मोजलं. तेवीस.

"पंचेचाळीस," एगोन म्हणाला. "एक कुठाय?"

बारा नंबरचं कार्ड आस्गरच्या गुडघ्यावर पालथं पडलं होतं.

"बॉनसेन, हात वर कर," एगोनचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुझंच घर आहे हे! तेवीस तेवीस होतात. बाकीचं मी बघतो."

आस्गरनं कार्डाकडे बघितलं. हात उचलला नाही. एगोननं कागद टेबलावर आपटला. ठराव पडला.

खालच्या लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. त्या गर्दीतून गुद्रुन एकटी आली आणि आस्गरसमोर उभी राहिली. ती आभार मानणार असं विबेकेला क्षणभर वाटलं.

"सोमवारनंतर तुझ्या धुराड्यातून धूर दिसला," गुद्रुन म्हणाली, "तर मी पोलिसांना कळवीन."

रविवारी सकाळी आस्गरनं झोपडी रिकामी केली. खोकी, पलंगाची गादी, शेगडी असं सगळं सायकलच्या मागच्या गाडीवर बांधलं आणि तो चढ चढू लागला. दोन्ही बाजूंच्या बागांत लोक काम करत होते. कुणी मान वर केली नाही. अर्ध्या चढावर चाकं चिखलात रुतली. विबेकेनं कुदळ टाकली, फाटक उघडलं आणि मागून गाडीला खांदा लावला.

"कुठं जाणार आहेस?"

"तुला काय करायचंय?" तो पुढून म्हणाला. "सोड."

तिनं सोडलं नाही. वरचं फाटक येईपर्यंत तो ओढत राहिला, ती ढकलत राहिली.